लॉवेलच्या गिरणीत साचे अजून चालतात

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत भारतातून कुणी आलं की फिरवायचा कार्यक्रम ठरलेला असतो. हार्वर्डच्या पुतळ्याचा बूट, एमआयटीचा घुमट, डक टूर, एखाद्या वीकेंडला नायगारा, मग न्यूयॉर्क, आणि येताना कॉस्टको. सासू-सासरे आले तेव्हा आम्हीही हे सगळं केलं आणि अण्णांनी (म्हणजे सासऱ्यांनी) सगळीकडे एकच चेहरा ठेवला, छान आहे, स्वच्छ आहे, पुढे काय. शेवटी नवरा म्हणाला अण्णांना लॉवेलला नेऊ या, तिथे कापडाची जुनी गिरणी आहे, तिचं म्युझियम केलंय. त्यावर अण्णा म्हणाले, "आयुष्यभर गिरणीच बघितली, ती बघायला अमेरिकेत कशाला येऊ?" माहिती म्हणून सांगते, अण्णा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते (साचा म्हणजे कापड विणायचा माग), १९८२ च्या संपापर्यंत.

तरी नेलंच. आणि आता आमच्याकडे कोणीही आलं की मी आधी लॉवेलचं नाव काढते, लोकांना आवडो न आवडो.

लॉवेल बॉस्टनच्या वायव्येला, नॉर्थ स्टेशनवरून कम्युटर रेलनं साधारण पाऊण तास. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट फॉल्सपाशी सुमारे ३२ फूट खाली येते आणि ह्या ३२ फुटांवर अख्खं शहर उभं राहिलंय. १८२० च्या दशकात बॉस्टनच्या पैसेवाल्यांनी इथली शेतं विकत घेतली, होड्या जाव्यात म्हणून आधीच खणलेला एक कालवा होता तो रुंद केला, त्याला फाटे काढले, आणि प्रत्येक फाट्यावर गिरणी बसवली. आजही गावातून सुमारे नऊ किलोमीटरचे कालवे फिरतात. खणले आयरिश मजुरांनी, हातांनी. मला आधी वाटायचं की गिरणी म्हणजे चिमणी आणि कोळसा, कारण आपण लालबाग-परळच्या चिमण्या बघत मोठे झालो, पण इथे सुरुवातीला सगळं पाण्यावर. गिरणीच्या पोटातून पाणी जायचं, चाक फिरायचं, चाकावरून पट्टे मजल्यामजल्यावर. आज जगभरच्या वीजकेंद्रांत जे फ्रान्सिस टर्बाइन वापरतात ना, ते ज्याच्या नावानं आहे तो जेम्स फ्रान्सिस ह्याच कालव्यांचा इंजिनियर होता. त्यानं १८५० मध्ये पुराच्या भीतीनं एक अवाढव्य लाकडी दरवाजा बांधून टांगून ठेवला, लोकांनी खुळा म्हणून हसून घेतलं, आणि दोनच वर्षांत पूर आला तेव्हा तोच दरवाजा सोडून गाव वाचवलं. १९३६ च्या पुरातही तोच कामाला आला.

गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो फ्रान्सिस कॅबट लॉवेल मात्र हे गाव बघायला जगलाच नाही, तो १८१७ मध्येच गेला. त्याची गोष्ट भारी आहे. १८१० ते १२ तो इंग्लंडात होता, तिथल्या गिरण्या फिरून फिरून बघितल्या, तेव्हा इंग्लंडातून मशिनं किंवा त्यांची ड्रॉइंग बाहेर न्यायला बंदी होती, तर हा पठ्ठ्या पॉवरलूम डोक्यात साठवून घरी आला आणि पॉल मूडी नावाच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन वॉल्थमला तसाच साचा उभा केला. एका दारानं कापूस आत आणि दुसऱ्या दारानं कापड बाहेर, एकाच छपराखाली, हे अमेरिकेत तिथे पहिल्यांदा झालं. आज असं कोणी केलं तर कोर्टात खेचतील, इथे शहराला नाव दिलंय.

म्युझियम आहे बूट कॉटन मिल्समध्ये. (चपला-बुटांशी संबंध नाही, कर्क बूट नावाचा गिरण्यांचा एजंट म्हणजे कारभारी होता, त्याचं नाव.) कंपनी १८३५ ची, बंद पडली १९५० च्या दशकात, मध्ये बरीच वर्षं इमारती तशाच पडून. लाल विटांच्या लांबच लांब इमारती, मध्ये अंगण, अंगणात घंटेचा मनोरा. अण्णा अंगणात उभे राहून वरपर्यंत बघत म्हणाले, "खिडक्या किती आहेत!" मग लगेच, "पण उघडत नसतील." बरोबर होतं. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खिडक्या उन्हाळ्यातही बंद ठेवायचे आणि आत वाफ सोडायचे. म्युझियमच्या बोर्डावर हे लिहिलंय, पण अण्णांनी तो बोर्ड यायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

आता मुख्य गोष्ट. तळमजल्यावर साचेखातं आहे. आत शिरायच्या आधी इअरप्लग ठेवलेले असतात ते घ्यायचे. अण्णांनी घेतले नाहीत. म्हणाले पहिल्या वर्षी आम्ही कापसाचे बोळे घालायचो, मग कान तयार होतो. (कान तयार होतो म्हणजे काय ते मला लग्नानंतर टीव्हीच्या आवाजावरून कळलं होतं.) दार उघडलं आणि... नाही, ते लिहून सांगता येत नाही. ८८ साचे आहेत आत, रांगेत, होपडेलच्या ड्रेपर कंपनीचे, होपडेल म्हणजे ह्याच राज्यातलं गाव, साचे शंभरेक वर्षं जुने. वर शाफ्ट, शाफ्टवरून खाली प्रत्येक साच्याला पट्टा, आणि ते खरंच चालतात, खरंच कापड विणतात. नाटकापुरतं बटण दाबून अर्धा मिनिट हलवून दाखवायचं असं नाही. आवाज कानाच्या आधी पायातून येतो, लाकडी जमीन थरथरते, मग छातीत. धोटा (आडवा धागा घेऊन पळतो तो) इकडून तिकडे, तिकडून इकडे, डोळ्यांनी धरता येत नाही इतका वेगात, आणि प्रत्येक वेळी ठाण.

मी दोन मिनिटांत बाहेर यायच्या बेतात होते. अण्णा निघून गेले आत. रेलिंगला धरून वाकून एकेक साचा बघत बघत पुढे, मग एका साच्यापाशी थांबले आणि मला हातानं काहीतरी खुणा करायला लागले. मला काही कळेना. तिथे काम करणारा जो माणूस होता त्याला मात्र कळलं, तो हसला आणि साचा बंद करून तुटलेला धागा जोडायला लागला. अण्णांना धागा तुटलेला लांबून दिसला होता. नंतर बाहेर आल्यावर मी विचारलं की एवढ्या आवाजात तुम्ही बोलायचा कसे, तर म्हणाले बोलायचं कशाला, ओठ बघायचे आणि हात. चहा, जॉबर (म्हणजे मुकादम) आला, तंबाखू दे, बायको बाळंत झाली, सगळ्याला खुणा होत्या. हे त्यांनी इतक्या वर्षांत घरात कधीही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नवीन होतं.

बरं, कौतुक करतील तर ते अण्णा कसले. बाहेर आल्याबरोबर तक्रारी सुरू. एक, हवा कोरडी आहे. दोन, एवढे साचे आणि एका वेळी थोडेच चालू, मग बाकीचे कशाला ठेवलेत. मी तिथल्या रेंजरना (म्युझियम सांभाळणाऱ्या सरकारी पार्क खात्याच्या बाईंना) विचारलं तर त्या म्हणाल्या की सगळे एकदम कधीच चालवत नाहीत. अण्णा म्हणाले, "मग हा आवाज काहीच नाही." ह्यावर मी गप्पच झाले, कारण मला आत दोन मिनिटं राहवलं नव्हतं आणि ह्या माणसानं त्याच्या कितीतरी पट आवाजात, तीन पाळ्यांत, रात्रपाळ्या धरून, तिथे वर्षानुवर्षं काढली.

तिसरी तक्रार नव्हती, जरा कौतुकच होतं, ते म्हणजे ड्रेपरच्या साच्यात धोट्यातली कांडी (सुताची गुंडाळी) संपली की दुसरी आपोआप बसते. मुंबईच्या गिरण्यांत बहुतेक साचे साधे, कांडी संपली की साचा थांबवा, धोटा काढा, नवी कांडी घाला, धागा धोट्याच्या भोकातून ओढा. आणि तो कसा ओढायचा तर तोंडानं! धोटा ओठांना लावायचा आणि श्वास आत ओढायचा, धागा भोकातून बाहेर. जुन्या माणसांनी अण्णांना असंच शिकवलेलं. त्याबरोबर कापसाचा भुगा घशात, आणि एकच धोटा दहा जणांच्या तोंडाला लागणार, म्हणजे एकाचा टीबी सगळ्यांना. ह्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं असल्या धोट्यावर १९११ मध्येच कायद्यानं बंदी घातली. अण्णांनी त्यावर एवढंच म्हटलं की आमच्याकडे कायदे पुष्कळ होते.

आपोआप कांडी बदलणाऱ्या साच्याची दुसरी बाजू अशी की कामगाराचं काम कमी झालं म्हणून त्याला बसायला कोणी खुर्ची देत नाही, त्याला अजून साचे बघायला देतात. लॉवेलच्या बायकांना १८४० च्या दशकात हेच भोगावं लागलं, दोनाचे तीन, तिनाचे चार साचे, आणि वेगही वाढवलेला, मजुरी मात्र त्या हिशोबात वाढलेली नाही. मुंबईत १९२८ चा जो सहा महिन्यांचा मोठा संप झाला त्यातही एका माणसानं किती साचे चालवायचे हा प्रश्न होताच.

वरच्या मजल्यावर नेहमीसारखं प्रदर्शन आहे, मॉडेल, फोटो, व्हिडिओ, त्यातलं बरंचसं मी भराभर बघितलं. पण एक भाग थांबून बघण्यासारखा, कापूस कुठून यायचा. न्यू इंग्लंडमध्ये कापूस पिकत नाही. तो यायचा दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. आणि त्यातून इथे जे जाडंभरडं कापड निघायचं त्यातलं काही परत दक्षिणेतच जायचं, गुलामांच्या अंगावर घालायला, तिकडे त्या कापडाला लॉवेलच म्हणायचे. म्हणजे इथल्या स्वतंत्र, शिकलेल्या, चर्चला जाणाऱ्या मुलींच्या मजुरीमागे तिकडचे मळे होते. म्युझियमनं हे लपवलेलं नाही.

पुढे १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेचा कापूस अडला, लॉवेलच्या काही कंपन्यांनी हातातला साठा चढ्या भावानं विकून गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार घरी बसवले. आणि ह्या अडलेल्या कापसाचं दुसरं टोक कुठे, तर आपल्याकडे! इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता, तो मुंबई बंदरातून जायला लागला, भाव कुठल्या कुठे गेले, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांसारखे सटोडिये आणि मुंबईच्या बॅक बेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचे शेअर आणि ती सगळी सट्टेबाजी, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याबरोबर सगळं आपटलं. मुंबईची पहिली गिरणी तेव्हा नुकतीच उभी राहिलेली, कावसजी दावरांची ताडदेवची, १८५४ ची कंपनी, १८५६ मध्ये सुरू. शाळेत हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत होतं, अब्राहम लिंकन एका पुस्तकात आणि मुंबईच्या गिरण्या दुसऱ्या. एका भिंतीपुढे उभं राहून दोन्ही जोडले गेले. भिंतीवर मुंबईचं नाव मला दिसलं नाही पण आपल्या डोक्यात असतं ना.

आता आईंची पाळी. (आई म्हणजे सासूबाई.) त्यांना साचेखात्यात काही रस नव्हता, त्या बाहेर बाकावर बसून होत्या. पण अंगणापलीकडे, गिरणीच्या समोरच, कंपनीचं जुनं बोर्डिंग हाऊस आहे, त्यात गिरणीत काम करणाऱ्या मुली कशा राहायच्या ते मांडलंय. ह्या मुली म्हणजे न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, मेनच्या शेतकऱ्यांच्या पोरी, पंधरा-सोळापासून पुढच्या, घरून निघून चार पैसे कमवायला आलेल्या. एका खोलीत चार, सहा, आठ जणी, एका पलंगावर दोघी. खाली जेवणाचं मोठं टेबल मांडलेलं. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जायलाच हवं, आणि कुणाचं वागणं बरं नसेल तर घर चालवणाऱ्या बाईनं कंपनीला कळवायचं. ती बाई बहुतेक वेळा विधवा असायची. पहाटे साडेचारला पहिली घंटा, आठवड्याला सत्तरच्या वर तास काम, मजुरी साधारण तीन-सव्वातीन डॉलर आणि त्यातले सव्वा डॉलर राहण्या-जेवणाचे.

आई त्या टेबलापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही खानावळच की."

कारण आईंच्या आईची परळला खानावळ होती. चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यातच संसार आणि त्यातच वीस-पंचवीस जणांचं दोन वेळचं जेवण. जेवणारे सगळे गिरणीतले, एकटे राहणारे, बायका-पोरं गावाला. ते राहायचे गावाच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली, भिंतीला प्रत्येकाची पत्र्याची पेटी, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर झोपायचा. जेवणाचे पैसे पगार झाला की. एखाद्या महिन्यात नाही मिळाले तरी ताट बंद नाही करायचं, नाहीतर तो दुसऱ्या खानावळीत जाईल आणि जुनी उधारीपण बुडेल. आईंना अजून पाठ आहे, कोणाला भाकरी कडक लागायची, कोण रस्सा दोनदा मागायचा, पगाराच्या रविवारी मटणावरून कोणाचं भांडण व्हायचं. रेंजरबाई तिथे आल्या तर आईंनी त्यांना मराठीत विचारलं की भात किती लागायचा एका वेळी, मी आपलं बटाटे म्हणून भाषांतर केलं.

त्या बोर्डिंग हाऊसमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हॅरिएट हॅन्सनची आहे. १८३६ मध्ये कंपन्यांनी राहण्या-जेवणाचे पैसे वाढवले, म्हणजे मजुरी कापल्यातच जमा, दोन वर्षांपूर्वी सरळ मजुरी कापली होती तेव्हाही मुली बाहेर पडल्या होत्या. ह्या वेळी दीड हजाराच्या वर पडल्या. हॅरिएट अकरा वर्षांची, भरलेल्या कांड्या काढून रिकाम्या लावायचं काम करायची, आपल्याकडे त्या पोरांना डॉफरच म्हणायचे. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली जायचं की नाही ह्यावर चर्चा करत बसल्या, तर ही म्हणाली तुम्ही या नाहीतर राहा, मी निघाले, आणि निघाली, आणि मागे वळून बघते तर सगळी रांग तिच्या मागे. म्हातारपणी तिनं हे सगळं लिहून ठेवलंय. पण पुढचं ऐका. तिची आई विधवा आणि कंपनीचं बोर्डिंग हाऊस चालवायची. कंपनीच्या माणसानं तिला ते काम सोडायला लावलं, मुलीला आवर घालता आला नाही म्हणून. खानावळवालीलाच धरलं!

आईंना ही गोष्ट मी तिथल्या तिथे सांगितली. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाल्या ब्याऐंशीच्या संपात आमच्या चाळीत तेच झालं, गिरणी बंद, माणसं गावाला, उधारी बुडाली, आणि खानावळवाल्या बाईला ना संप होता ना युनियन. संपाबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात अडीच लाख कामगार येतात, संपाचे पुढारी दत्ता सामंत येतात, मालक येतात. खानावळवाल्या कुठेतरी एका ओळीत. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ह्याच बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकाराच्या तावडीतून काढलं, ते काम माहीत असलेले लोक आता माझ्या वयाच्या लोकांत शोधावे लागतात.

आणि अजून एक जोडी मला सारखी आठवत राहिली. सेरा बॅगली नावाची विणकाम करणारी बाई, तिनं १८४५ च्या सुमाराला दहा तासांचा दिवस करा म्हणून हजारोंच्या सह्या गोळा करून राज्याच्या विधानसभेपुढे नेल्या, साक्ष दिली. समितीनं सगळं ऐकून घेतलं आणि आमचं काम नाही म्हणाली. त्यावर ह्या बायकांनी, ज्यांना मताचा अधिकारच नव्हता, समितीच्या अध्यक्षाविरुद्ध प्रचार केला आणि तो पडला. दहा तासांचा कायदा यायला मात्र १८७४ उजाडलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८४ मध्ये, परळला नारायण मेघाजी लोखंडे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार करत होते, आठवड्याला एक सुट्टी द्या, जेवणाला अर्धा तास द्या. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. आज ऑफिसात आपण रविवार आपोआप धरून चालतो. सेराचं नाव लॉवेलमध्ये दिसतं. लोखंड्यांचं आपल्याकडे किती जणांना माहितीये, तुम्हीच आजूबाजूला विचारून बघा.

आता, लॉवेल म्हणजे काही शहाण्यांचं गाव नव्हतं. गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, १९२० च्या दशकापासूनच गळती, मग सगळं गाव बेकार. १९६० च्या दशकात सुधारणा म्हणून त्यांनी स्वतःच पाडापाडी केली, मेरिमॅक कंपनीच्या गिरण्या पाडल्या, डटन स्ट्रीटवरची जुनी बोर्डिंग हाऊसेस लोकांनी विरोध केला तरी पाडली. कालवे बुजवायच्यासुद्धा गोष्टी चालल्या होत्या. मग पॅट्रिक मोगन नावाचे शिक्षण खात्यातले गृहस्थ उठले आणि सांगत सुटले की ही घाण नाही, ही आपली शाळा आहे, सगळं गावच म्युझियम करा. पुष्कळ जणांना ते वेड वाटलं, कारण ज्यांच्या आजी-आजोबांनी तिथे हाडं झिजवली त्यांना ते विसरायचंच होतं. पण पॉल त्सोंगास हा लॉवेलचाच ग्रीक घरातला मुलगा अमेरिकेच्या संसदेत गेला होता, त्यानं जोर लावला, आणि १९७८ मध्ये कायदा होऊन गाव नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झालं. यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान सांभाळणारा जो सरकारी विभाग आहे तोच इथल्या गिरण्या सांभाळतो, रेंजरची ती टोपी घालून. बूट मिलचं म्युझियम १९९२ मध्ये उघडलं.

सगळं गोडगोड नाही हेही सांगते. त्याच बूट मिलच्या बाकीच्या इमारतींत आता अपार्टमेंट आहेत, उंच छत, विटांची भिंत, खिडकीतून कालवा, आणि भाडं विचारू नका. म्हणजे फ्लॅट तिकडेही झाले. फरक एवढाच की फ्लॅटच्या शेजारी साचे चालू आहेत आणि शाळेच्या सहली येऊन कान बंद करून ओरडतायत.

मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, आणि गिरण्यांत मोकळी जमीन असते कुठे, सगळी शेड. मग मॉल आणि टॉवर. काही ठिकाणी चिमणी ठेवलीये, पार्किंगमध्ये. काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या जागेवर महापालिकेचं टेक्स्टाइल म्युझियम व्हायचंय, त्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतेय, कधी कारंजं, कधी तलाव, कधी लेझर शो.

माझं म्हणणं साधं आहे. कारंजं नको. आठ साचे ठेवा, चालू ठेवा, जे साचेवाले अजून हिंडते-फिरते आहेत त्यांना चार पैसे देऊन बोलवा आणि पोरांना शिकवायला लावा, कारण साचा दुरुस्त करणारा माणूस पुस्तकातून तयार होत नाही. लॉवेलला पण हीच काळजी असणार, शंभर वर्षांच्या मशिनला हात लावणारे हात आणायचे कुठून. बंद पडलेला, पॉलिश केलेला, काचेमागचा साचा बघून कोणाला काय कळणार? आणि शेजारी एक गाळा करा, वीस पेट्या आणि वीस वळकट्यांचा. आणि एक खानावळ, खरीखुरी, जिथे जेवायला मिळेल, चालवायला बायका गिरणगावातल्याच. तिकीट लावा, मी देईन.

हे सगळं मी गाडीत मोठ्या तावातावानं बोलत होते तर अण्णा म्हणाले, "साचे आणणार कुठून? भंगारात गेले सगळे. मी बघितलेत जाताना." मग जरा वेळानं, "सोलापूरला, इचलकरंजीला मिळतील म्हणा काही." म्हणजे डोक्यात चालू होतं तर.

तिथल्या दुकानात त्याच साच्यांवर विणलेले डिश टॉवेल विकायला असतात. अण्णांनी एक टॉवेल उजेडाला धरला, बोटांनी चोळला, कडेला ताणून बघितला, म्हणाले किनार सैल आहे, आणि चाळीतल्या जुन्या मंडळींसाठी गठ्ठा घेतला. किंमत रुपयांत सांगायची नाही असं आमचं आधीच ठरलेलं.

जायचं असेल तर, व्हिजिटर सेंटर फुकट आहे, बूट मिलला थोडं तिकीट. साचे कोणत्या वेळी चालू असतात ते वेबसाइटवर आधी बघून जा, बंद असताना गेलात तर मजा नाही. उन्हाळ्यात कालव्यातून बोट फिरवतात, ती चुकवू नका. जेवायला कंबोडियन हॉटेलं शोधा, लॉंग बीचनंतर अमेरिकेत सगळ्यात जास्त कंबोडियन माणसं इथेच आहेत आणि भात झकास मिळतो. इअरप्लग घ्या. गिरणीतलं कोणी बरोबर असेल तर दोन तास जास्त धरा.